टेक्सासमधील शालेय खरेदीवरील विक्रीकर सवलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै सरत आला की डॅलस, ह्यूस्टन आणि ऑस्टिन परिसरातल्या मराठी कुटुंबांमध्ये, विशेषतः नुकत्याच भारतातून आलेल्या कुटुंबांमध्ये, या सवलतीची चौकशी सुरू होते. पुढील उत्तरे टेक्सास राज्याच्या नियमांना धरून दिली आहेत. अमेरिकेत विक्रीकर हा केंद्र सरकारचा विषय नसून राज्यांचा आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेला नियम टेक्सासला लागू होईलच असे नाही. अन्य काही राज्यांची माहिती स्वतंत्र प्रश्नात दिली आहे.

‘टॅक्स फ्री वीकेंड’ म्हणजे नेमके काय?

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्टमधल्या एका शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत, बहुतेक कपडे, पादत्राणे, ठरावीक शालेय साहित्य आणि दप्तरे यांवर विक्रीकर आकारला जात नाही, मात्र प्रत्येक वस्तूची किंमत १०० डॉलरपेक्षा कमी असावी लागते. सरकारी कागदपत्रांत या योजनेला ‘सेल्स टॅक्स हॉलिडे’ म्हणतात. ती दुकानांनी लावलेल्या सेलपेक्षा वेगळी आहे, कारण येथे दुकानदार स्वतःच्या नफ्यातून काही सोडत नाही, तर राज्य सरकार आणि स्थानिक संस्था आपला कर सोडतात. म्हणूनच मोठ्या साखळी दुकानापासून कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानापर्यंत ती सर्वत्र सारखीच लागू होते. ग्राहकाला कूपन दाखवावे लागत नाही, नावनोंदणी करावी लागत नाही आणि सामान्य खरेदीसाठी कोणताही अर्ज भरावा लागत नाही. योजनेचे नियम प्रसिद्ध करण्याचे आणि करवसुलीचे काम राज्याचे कम्प्ट्रोलर कार्यालय, म्हणजे राज्याच्या हिशेबाचे आणि महसुलाचे खाते, पाहते.

वस्तूवर लिहिलेली किंमत आणि बिलाची रक्कम यांत फरक का पडतो?

भारतात वेष्टनावरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे वहीवर साठ रुपये छापलेले असतील तर साठाहून अधिक रुपये कोणी मागू शकत नाही. अमेरिकेत किमतीच्या चिठ्ठीवर फक्त वस्तूची किंमत असते आणि विक्रीकर पैसे देण्याच्या वेळी त्यावर चढतो. टेक्सासमध्ये राज्याचा दर ६.२५ टक्के आहे. शहर, काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणासारख्या संस्था मिळून त्यावर कमाल २ टक्के लावू शकतात, म्हणून बहुतेक मोठ्या शहरांत एकूण दर ८.२५ टक्क्यांवर जातो. सवलतीच्या तीन दिवसांत हे दोन्ही भाग माफ होतात. नव्याने आलेल्या अनेकांना पहिल्या खरेदीत चिठ्ठीवरच्या बेरजेपेक्षा बिल जास्त आलेले पाहून दुकानदाराची चूक वाटते, तो हा कर असतो.

तारखा कोण ठरवते आणि त्या दरवर्षी का बदलतात?

तारखा कायद्यातल्या सूत्रानेच निघतात. ऑगस्टमधला चौथा सोमवार हा शाळा सुरू करण्याचा आधारदिवस मानला जातो, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी जो रविवार येतो त्या रविवारी सवलत संपते. २०२४ मध्ये ती ९ ते ११ ऑगस्ट या काळात होती, २०२५ मध्ये ८ ते १० ऑगस्ट, आणि याच सूत्राने २०२६ मध्ये ७ ते ९ ऑगस्ट येते. शुक्रवारी मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले की सवलत सुरू होते आणि रविवारी मध्यरात्री संपते.

या सूत्रात एक विसंगती आहे. राज्यातले कित्येक शाळा-जिल्हे (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) आता खास परवानगी घेऊन चौथ्या सोमवारच्या बऱ्याच आधी वर्ग सुरू करतात. त्यामुळे काही मुलांची शाळा सवलतीनंतर लगेच सोमवारी किंवा त्या आठवड्यात सुरू होते, तर काहींची त्याआधीच सुरू झालेली असते. पहिल्याच दिवशी सगळे साहित्य वर्गात जमा करायचे असेल, तर वह्या-पेन्सिलींसाठी सवलतीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. कपडे आणि बूट थांबू शकतात.

प्रत्यक्षात किती पैसे वाचतात?

शंभर डॉलरच्या खरेदीमागे साधारण आठ डॉलर. दोन मुलांची दप्तरे मिळून ८० डॉलर, बुटांचे दोन जोड १३० डॉलर, कपडे २४० डॉलर आणि वह्या-रंग वगैरे ७० डॉलर अशी ५२० डॉलरची खरेदी धरली, तर ८.२५ टक्के दराने ४२ डॉलर ९० सेंट वाचतील. ही रक्कम टाकाऊ नाही, पण तिचा आकार डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. एरवीच्या साध्या सेलमध्ये एखाद्या बुटावर मिळणारी वीस टक्के सूट ही या करमाफीच्या दुपटीहून अधिक असते. केवळ कर नाही म्हणून महागडा जोड उचलणाऱ्याचे वाचत काहीच नाही.

१०० डॉलरची मर्यादा एकूण बिलाला आहे की प्रत्येक वस्तूला?

प्रत्येक वस्तूला. सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो, म्हणून तो थोडा सविस्तर पाहू.

एकूण बिलाला वरची मर्यादा नाही. ८० डॉलरचे दोन शर्ट घेतले तर बिल १६० डॉलर होते, तरीही दोन्ही शर्ट करमुक्त राहतात, कारण प्रत्येकाची किंमत शंभराच्या आत आहे. चाळीस वस्तू घेतल्या तरी हाच हिशेब लागतो.

मर्यादा ‘१०० पर्यंत’ अशी नसून ‘१०० पेक्षा कमी’ अशी आहे. ९९ डॉलर ९९ सेंटचा बूट करमुक्त आहे, आणि बरोबर १०० डॉलरच्या बुटावर ८ डॉलर २५ सेंट कर पडतो. एका सेंटचा हा फरक अनेकांना हास्यास्पद वाटतो, परंतु नियम तसाच आहे. शिवाय मर्यादा ओलांडली की कर वरच्या फरकावर नव्हे, तर पूर्ण किमतीवर लागतो. १२० डॉलरच्या बुटातले पहिले शंभर डॉलर सोडून वीसावरच कर घेतील अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. कर १२० डॉलरवर, म्हणजे ९ डॉलर ९० सेंट, इतका होईल. काही राज्यांत नियम वेगळा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये एखाद्या कपड्याची किंमत १७५ डॉलरच्या वर गेली तर वर्षभर फक्त वरच्या रकमेवरच कर घेतात. टेक्सासने तशी पायरी ठेवलेली नाही.

जी वस्तू एकत्रच विकली जाते तिचे तुकडे करून मर्यादेत बसवता येत नाही. बुटांच्या जोडातला डावा आणि उजवा बूट वेगळा दाखवता येत नाही, आणि १५० डॉलरचा सूट एकसंध विकला जात असेल तर कोट आणि पँट यांच्या दोन किमती मांडून दोन्ही करमुक्त करता येत नाहीत. मात्र जे दुकान पँट आणि शर्ट नेहमीच सुटे विकते, तेथे प्रत्येकाची किंमत स्वतंत्रपणे पाहिली जाते.

सूट, कूपन किंवा ‘एकावर एक मोफत’ असेल तर किंमत कोणती धरायची?

ग्राहकाने त्या वस्तूसाठी प्रत्यक्ष मोजलेली किंमत. १२० डॉलरची पँट दुकानाने निम्म्या किमतीला, म्हणजे ६० डॉलरला लावली असेल, तर ती ६० डॉलरची वस्तू ठरते आणि तिच्यावर कर लागत नाही. मूळ चिठ्ठीवर काय छापले होते याला येथे महत्त्व नाही.

‘एकावर एक मोफत’ या योजनेत मात्र लोक फसतात. पहिल्या पँटची किंमत १२० डॉलर आणि दुसरी मोफत अशी जाहिरात असेल, तर दोन्ही पँट साठ-साठ डॉलरला पडल्या असे मानले जात नाही. पहिली १२० डॉलरची आहे, तिच्यावर पूर्ण कर लागतो आणि दुसरीची किंमत शून्य असते. ग्राहकाच्या खिशातून दोन पँटसाठी १२० डॉलरच गेले, आणि तरीही एका दुकानात कर लागला तर शेजारच्या ‘निम्म्या किमती’च्या दुकानात लागला नाही, हे अन्यायाचे वाटू शकते. पण जाहिरात कशी मांडली आहे यावर कर ठरतो, आणि दोन्हीकडे माल सारखाच असेल तर या तीन दिवसांत निम्म्या किमतीच्या दुकानातून खरेदी करणे शहाणपणाचे.

कपडे फक्त शाळकरी मुलांचेच असावेत का?

नाही. कपडे आणि पादत्राणे यांना वयाची किंवा विद्यार्थी असण्याची अट नाही. तान्ह्या बाळाचे झबले, आजोबांचा सदरा, कार्यालयात घालायचा टाय, पावसाळी कोट, मोजे, गणवेश, पोहण्याचा पोशाख, गिर्यारोहणाचे बूट, टेक्सासची ओळख असलेले काउबॉय बूट, हे सगळे शंभराच्या आत असेल तर करमुक्त आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचे कपडेही त्यात येतात. योजनेचे नाव शाळेशी जोडलेले असले तरी टेक्सासमधल्या कुटुंबांचा या तीन दिवसांतला मोठा खर्च कपड्यांवरच होतो, आणि बरेच जण स्वतःचे वर्षाचे शर्ट याच वेळी घेऊन ठेवतात.

मग कोणत्या कपड्यांना आणि सोबतच्या वस्तूंना सवलत नाही?

अंगावर घालायची प्रत्येक गोष्ट कायद्याच्या दृष्टीने कपडा नसते. दागिने, घड्याळे, पाकिटे, पर्स, छत्र्या, केसांच्या क्लिपा आणि साधे गॉगल यांवर नेहमीप्रमाणे कर लागतो. रेनकोट करमुक्त आणि छत्री करपात्र, पट्ट्याला बक्कल जोडलेले असेल तर करमुक्त आणि नुसते सुटे बक्कल करपात्र, अशा जोड्या यादीत आढळतात.

खेळाच्या साहित्यात कसोटी अशी की ती वस्तू केवळ खेळतानाच वापरली जाते का. टेनिसचे बूट आणि जॉगिंगचे कपडे लोक एरवीही घालतात, म्हणून ते करमुक्त आहेत. खिळे असलेले फुटबॉलचे किंवा गोल्फचे बूट, संरक्षक पॅड, स्केट्स, पोहण्याचे चष्मे यांना सवलत नाही. मुलाने शाळेच्या संघात नाव दिले असेल, तर त्याच्या खेळाचा खर्च या हिशेबातून वेगळा काढावा.

शिवण्या-दुरुस्तीचा कच्चा माल, म्हणजे कापड, दोरा, लोकर, बटणे, चेन, हा करपात्रच राहतो. आयर्विंग किंवा ह्यूस्टनमधल्या भारतीय दुकानांत दिवाळीची खरेदी आधीच उरकणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. शिवून तयार असलेला कुडता शंभर डॉलरच्या आत असेल तर तो कपडा आहे, पण न शिवलेले ड्रेस मटेरियल हे कापड ठरते. कपडे भाड्याने घेणे, ते आल्टर करून घेणे, त्यावर नाव भरून घेणे आणि धुलाई या सेवांनाही सवलत लागू नाही, तसेच दरमहा घरी येणाऱ्या कपड्यांच्या वर्गणी-पेट्यांनाही नाही.

शालेय साहित्यात काय काय येते?

येथे कायद्याने एक बंद यादी दिली आहे आणि यादीबाहेरच्या वस्तूला, ती शाळेने मागितली असली तरी, सवलत मिळत नाही. वह्या, सुटे आणि आखीव कागद, आलेख कागद, रंगीत आणि पोस्टरचे कागद, बाइंडर, फोल्डर, पेन, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, खडू, क्रेयॉन, जलरंग, मार्कर, हायलायटर, डिंक आणि ग्लू स्टिक, चिकटपट्टी, कात्री, मोजपट्टी, कोनमापक, कर्कटक, कॅल्क्युलेटर, पेन्सिलपेटी, इंडेक्स कार्ड आणि जेवणाचा डबा या सगळ्या वस्तू यादीत आहेत.

अमेरिकी शाळांची मागणीपत्रे भारतातल्यापेक्षा वेगळी असतात, आणि अडचण तेथे येते. पहिलीच्या वर्गाच्या यादीत कागदी रुमालांच्या पेट्या, हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य, पुसण्याचे ओले वाइप्स आणि झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सर्रास मागतात, पण या वस्तू कायद्याच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कर लागतो. बिल पाहताना हा फरक दिसतो. अनेक दुकानांच्या पावतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटे अक्षर छापलेले असते, त्यावरून कोणती वस्तू करपात्र धरली आहे ते कळते. बारा वस्तूंच्या पावतीत तीन ओळींपुढे करपात्रतेचे अक्षर दिसले म्हणून लगेच तक्रार करू नये, आधी त्या तीन वस्तू कोणत्या ते पाहावे.

साहित्य प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्याच्या वापरासाठी असावे लागते, शाळा सरकारी असो वा खासगी. दुकानात त्याचा पुरावा मागत नाहीत. एखाद्या कंपनीच्या व्यावसायिक खात्यावर खरेदी होत असेल, तर मात्र वस्तू विद्यार्थ्यासाठी आहेत असे प्रमाणपत्र दुकानदाराने घेणे आवश्यक असते.

दप्तरांचे काय? चाकांचे दप्तर चालते का?

चालते, ते पाठीवरही अडकवता येत असेल तर. खांद्यावरून आडवी घ्यायची मेसेंजर बॅगही चालते. सांगाडा असलेल्या गिर्यारोहणाच्या सॅक, प्रवासी बॅगा, ब्रीफकेस, जिमच्या डफल बॅगा, संगणकाच्या बॅगा आणि पर्स यांना सवलत नाही. एका वेळी दहापर्यंत दप्तरे प्रमाणपत्राशिवाय घेता येतात, त्यामुळे गरजू मुलांसाठी दप्तरे गोळा करणाऱ्या मंडळाने दहाहून अधिक घ्यायची झाल्यास आधी दुकानाशी बोलून घ्यावे.

लॅपटॉप, टॅबलेट आणि पाठ्यपुस्तके?

टेक्सासमध्ये या तिन्हींना सवलत नाही. संगणक, सॉफ्टवेअर आणि पाठ्यपुस्तके शंभर डॉलरच्या आत असली तरी करपात्र आहेत. कॅल्क्युलेटरला सवलत आहे, पण वरच्या वर्गांत लागणारी आलेख काढणारी कॅल्क्युलेटरे पुष्कळदा शंभराच्या वर जातात, म्हणून घेण्याआधी किंमत पाहावी.

ऑनलाइन खरेदीला सवलत मिळते का?

मिळते. संकेतस्थळावरून, दूरध्वनीवरून किंवा टपालाने केलेली खरेदीही पात्र आहे. त्यासाठी सवलतीच्या काळात पैसे भरलेले असावेत आणि वस्तू तत्काळ पाठवण्यासाठी विक्रेत्याने मागणी त्याच काळात स्वीकारलेली असावी. वस्तू घरी पुढच्या आठवड्यात पोहोचली तरी हरकत नाही. याउलट पुढे कधीतरी पाठवा असे सांगून नोंदवलेली मागणी या नियमात बसत नाही.

खरा खड्डा पाठवणीच्या खर्चात आहे. टेक्सासच्या कायद्यात पाठवणी, हाताळणी आणि पोचवण्याचा आकार हा विक्रीकिमतीचाच भाग मानला जातो. ९५ डॉलरची जीन्स आणि १० डॉलर पाठवणी असे बिल झाले, तर किंमत १०५ डॉलर ठरते, आणि कर पूर्ण १०५ डॉलरवर लागतो. म्हणजे दुकानात जाऊन घेतली असती तर जी जीन्स ९५ डॉलरला पडली असती, ती घरपोच मागवल्यामुळे पाठवणीच्या दहा डॉलरखेरीज ८ डॉलर ६६ सेंट कराचेही घेऊन गेली. किंमत नव्वदीच्या घरात असेल तर मोफत पाठवणी आहे का हे पाहावे.

हप्त्याने राखून ठेवलेल्या वस्तू आणि रेन चेक यांचे काय?

थोडे पैसे भरून वस्तू दुकानातच राखून ठेवण्याच्या पद्धतीला येथे लेअवे म्हणतात. सवलतीच्या तीन दिवसांत वस्तू अशी राखून ठेवली, किंवा आधी राखलेल्या वस्तूचा शेवटचा हप्ता या दिवसांत भरला, तर दोन्ही प्रकारांत ती करमुक्त होते. माल संपल्यामुळे, तो पुन्हा आल्यावर त्याच किमतीला देऊ असे सांगणारी जी चिठ्ठी दुकान देते ती रेन चेक; ती मात्र सवलतीच्या काळातच वापरावी लागते. चिठ्ठी रविवारी मिळाली आणि वस्तू मंगळवारी घेतली तर कर लागेल.

पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांनाही सवलत आहे का?

आहे. नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा टेक्सासमधला पत्ता यांपैकी कशाचीही विचारणा होत नाही.

या दिवसांत दुकानदार किमती वाढवतात का? ही सवलत खरोखर उपयोगी आहे का?

या प्रश्नावर अमेरिकेत जुना वाद आहे. टॅक्स फाउंडेशनसारख्या करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्था अशा सवलतींवर सातत्याने टीका करत आल्या आहेत. त्यांचा आक्षेप असा की लोक नवी खरेदी करत नाहीत, नेहमीचीच खरेदी पुढे-मागे सरकवतात. शिवाय गर्दी आपोआप येणार हे ठाऊक असलेल्या दुकानाला त्या आठवड्यात सूट देण्याची निकड उरत नाही, आणि कराचा काही वाटा ग्राहकाऐवजी दुकानाकडे जातो. महिनाअखेरीच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला त्या ठरावीक तीन दिवसांत हाती पैसा असेलच असेही नाही. खरेदीसाठी ज्यांच्याकडे रोख आणि वेळ दोन्ही आहे, त्यांनाच अधिक लाभ होतो.

दुसरी बाजू अशी की टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि राज्याच्या तिजोरीचा मोठा भार विक्रीकरावर आहे, ज्याची झळ कमी उत्पन्नाच्या घराला तुलनेने जास्त लागते. तीन-चार मुले असलेल्या कुटुंबाला एकाच आठवड्यात बूट, कपडे, दप्तरे सगळे घ्यायचे असते तेव्हा चाळीस-पन्नास डॉलर हाती राहणे ही त्यांच्यासाठी ठोस गोष्ट असते. आमच्या मते सवलत घ्यावी, परंतु जुलैअखेरीस त्याच वस्तूची किंमत काय होती हे फोनमध्ये टिपून ठेवावे. जुलैत ३२ डॉलरला असलेले दप्तर सवलतीच्या शुक्रवारी ३६ डॉलरला लागले असेल, तर कर माफ होऊनही ते महागच पडले. जुलैत करासह त्याचे ३४ डॉलर ६४ सेंट झाले असते.

ही पद्धत सुरू कोठे झाली?

कपड्यांवरच्या अशा सवलतीची सुरुवात न्यूयॉर्क राज्याने जानेवारी १९९७ मध्ये एका आठवड्यापुरती केली. शेजारच्या न्यू जर्सीत कपड्यांवर कर नसल्यामुळे न्यूयॉर्कचे ग्राहक नदी ओलांडून तिकडे जात, हे त्यामागचे मोठे कारण होते. १९९८ मध्ये फ्लोरिडाने आणि १९९९ मध्ये टेक्सासने तिचे अनुकरण केले. टेक्सासमध्ये आरंभी केवळ कपडे आणि पादत्राणे होती, दप्तरे पुढे आली आणि शालेय साहित्य २००९ पासून समाविष्ट झाले. बाळांचे डायपर पूर्वी या तीन दिवसांत करमुक्त मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून राज्याने ते वर्षभरासाठीच करमुक्त केले, त्यामुळे त्यांचा साठा करण्याचे कारण उरलेले नाही.

इतर राज्यांत काय स्थिती आहे?

फार वेगवेगळी आहे. फ्लोरिडाने २०२५ मध्ये कायदा करून संपूर्ण ऑगस्ट महिना कायमचा सवलतीचा ठरवला आणि त्यात १,५०० डॉलरपर्यंतचे वैयक्तिक संगणकही घेतले. साउथ कॅरोलायनात कपड्यांना किमतीची मर्यादाच नाही, आणि चादरी-टॉवेलही करमुक्त असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टमधल्या दोन दिवसांत २,५०० डॉलरपर्यंतच्या बहुतेक सर्व किरकोळ वस्तूंना सवलत आहे. कनेटिकटमध्ये ती आठवडाभर चालते.

मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीने २०२२ आणि २०२३ मध्ये अशी सवलत देऊन पाहिली आणि २०२४ मध्ये ती रद्द केली. कपडे आणि पादत्राणे तेथे एरवीही करमुक्त आहेत. इलिनॉयने २०२२ मध्ये दहा दिवस दर ६.२५ वरून १.२५ टक्क्यांवर आणला होता. कॅलिफोर्नियात शालेय खरेदीसाठी अशी योजना नाही. ओरेगन, डेलावेअर, माँटाना आणि न्यू हॅम्पशायर येथे राज्याचा विक्रीकरच नसल्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही.

भारतात अशी ठरावीक दिवसांची करमाफी नाही. तेथे २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांच्यावरचा वस्तू व सेवा कर शून्य करण्यात आला, आणि तो बाराही महिने शून्यच आहे.

घेतलेली वस्तू नंतर बदलली तर कर लागतो का?

तोच शर्ट दुसऱ्या मापाचा किंवा दुसऱ्या रंगाचा घेतला, तर सवलत संपल्यानंतरही कर लागत नाही. शर्ट परत करून त्याऐवजी वेगळीच वस्तू घेतली, तर ती नवी विक्री मानतात आणि त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे कर आकारतात. उलट दिशेनेही हेच चालते. जुलैत कर भरून घेतलेली वस्तू सवलतीच्या काळात परत करून दुसरी पात्र वस्तू घेतली, तर नवीन वस्तूवर कर नाही.

दुकानाने चुकून कर लावला तर काय करावे?

पावती घेऊन आधी त्याच दुकानात जावे, कारण कर परत देण्याची पहिली जबाबदारी विक्रेत्याची आहे. दुकानाला स्वतः परतावा द्यायचा नसेल, तर ते परताव्याचा हक्क ग्राहकाच्या नावे करणारा ००-९८५ क्रमांकाचा अर्ज भरून देऊ शकते, आणि त्या आधारे ग्राहक थेट कम्प्ट्रोलर कार्यालयाकडे दावा करू शकतो. दोन-तीन डॉलरसाठी एवढा खटाटोप कोणी सहसा करत नाही, म्हणून काउंटर सोडण्यापूर्वीच पावतीवर नजर टाकणे सोयीचे.

पावती जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. सवलत संपल्यानंतरच्या ६० दिवसांत तिच्या कक्षेत बसणारी वस्तू परत केली, तर दुकान फक्त वस्तूची किंमत परत करते. कराची रक्कम हवी असेल तर कर प्रत्यक्ष भरल्याचे दाखवणारी पावती द्यावी लागते, आणि ती नसेल तर वस्तू सवलतीच्या दिवसांतच घेतली होती असे गृहीत धरले जाते.